तिरुनीलक्कुडीची अर्धी वाट

त्या वर्षी फाल्गुन उतरता उतरता माझे देवाशी बोलणे बंद झाले. भांडण होऊन नव्हे. भांडायला अंगात बळ लागते. सकाळी विठोबाच्या तसबिरीपुढे मी निरांजन लावी, फुले वाही, नैवेद्य दाखवी, पण हात आपले काम करीत आणि मन कुठे तरी भिंतीला टेकून बसलेले असे. नाव घ्यावे म्हटले तरी ओठ हलत नसत. इतकी वर्षे ज्याला हाक मारली तो ऐकतो का, असा प्रश्न मला पडला होता आणि त्याचे उत्तर शोधण्याचीही इच्छा राहिली नव्हती.

आमचे घर कुंभकोणात, मोठ्या तळ्यापासून जवळच. आमचे पूर्वज मराठी राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी आमची रीत. माझ्या वडिलांनी तंजावरच्या वाड्यातली चाकरी पाहिली होती. राज्य खालसा झाले आणि ती चाकरीही गेली. माझे यजमान इथल्या मुन्सफ कोर्टात कारकून होते. आम्हाला एकच मुलगी, अंबुजा. आम्ही तिला अंबू म्हणत असू. तिचे सासर तिरुचिरापळ्ळीला. पहिल्या बाळंतपणासाठी पौषात ती आमच्याकडे आली आणि तिला मुलगा झाला. गोरा, डोकेभर जावळ असलेला, दूध पिताना कपाळाला आठ्या घालणारा. काही आठवडेच तो आमच्याकडे राहिला. एका सकाळी त्याला आकडी आली, वैद्यबुवा येईपर्यंत दुसरी आली, आणि ऊन अंगणात उतरायच्या आत सगळे संपले.

अंबू रडली ती त्या दिवशीच. त्यानंतर तिने बोलणे टाकले. हट्टाने नव्हे. हाक मारली की मान वर करी, सांगितले ते करी, पानावर वाढलेले चिवडून थोडे पोटात ढकली. पण तोंडातून शब्द निघेना. जावई भेटायला आले, दोन दिवस तिच्याजवळ बसून राहिले आणि खाली मान घालून परत गेले. आधी मी तिला बोलते करण्यासाठी खूप बडबड करीत असे. मग माझीही बडबड आटली. दोघी समोरासमोर बसून भाजी निवडत असू आणि घरात फक्त चुलीचा आवाज असे.

तिचा पान्हा मात्र आटेना. आमच्याकडे अशा वेळी छातीवर मोगऱ्याची फुले बांधतात, त्याने दूध सुकते म्हणतात. मी रोज ताजी फुले आणून बांधीत होते. संध्याकाळपर्यंत ती काळवंडून जात, तिचे लुगडे मात्र ओले ते ओलेच. एके सकाळी मी विहिरीकडे गेले तर ती केळीच्या झाडांमागे पाठमोरी वाकून उभी होती. काय करते आहे ते माझ्या लक्षात आले तशी मी पाय न वाजवता मागे फिरले. दूध काढून ती केळीच्या बुंध्याशी सोडत होती. रोज सोडत असावी.

सोयरसुतकाचे दिवस सरल्यावर वैद्यबुवा म्हणाले, "औषध माझ्याकडे नाही, बाई. हिला घरात ठेवू नका. गाडी जोडा, हवेला न्या, चार देवळे दाखवा, हिरवे काही दिसू द्या डोळ्यांना." यजमानांनी त्याच दिवशी मुत्तय्याला सांगितले. मुत्तय्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा गाडीवाला, माझ्याहून वयाने वडील, कानाने जरा कमी. चैत्र लागला होता. एका दिवसाआड तो सकाळी दारात बैलगाडी उभी करी आणि आम्ही मायलेकी पाणी, दहीभात घेऊन निघत असू.

लोकांना वाटे, बायका मजेत फिरताहेत. आणि बाहेर पाहावे तर खरोखरच मजेचे दिवस होते. नदीचे पाणी आटून वाळू पसरली होती, तिच्यात मधूनमधून निळ्या पाण्याच्या पट्ट्या. भाताची कापणी होऊन गेलेल्या शेतांत उडीद-मूग वर आले होते. कडुनिंब फुलले होते, वाटेवरच्या करंजांची फुले चाकांखाली तांदळासारखी सांडलेली असत. कोकिळा इतक्या ओरडत की मुत्तय्यालाही ऐकू जाई. आणि मला त्या सगळ्याचा शीण येई. गाडीत बसून हाडे खिळखिळी होत, डोळ्यांत धूळ जाई, आणि शेजारी बसलेली माझी मुलगी समोर पाही पण तिला काही दिसत नसे.

पहिल्यांदा आम्ही दारासुरमला गेलो, कारण ते सगळ्यांत जवळ. देवळाच्या दगडी मंडपाला चाके आणि घोडे कोरलेले आहेत, जणू सगळा मंडपच रथ होऊन निघाला आहे. लहानपणी अंबू त्या घोड्यांच्या पाठीवर चढायला धडपडायची, पुजारी ओरडायचे. या खेपेला ती एका पायरीशी उभी राहिली ती मी हात धरून हलवीपर्यंत उभीच. परतताना रेशीमवाल्यांच्या गल्लीतून आलो. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत ताणे ताणलेले होते आणि बायका वाकून तुटलेले धागे सांधत होत्या. एक ताणा कुंकवाच्या रंगाचा होता. "बघ गं, कसा रंग आहे," मी म्हटले. तिने मान वळवली, पाहिले, परत समोर पाहू लागली.

मग पट्टीश्वरमला गेलो. तिथल्या दुर्गेपुढे बायकांची नेहमी गर्दी. कुणी लाल लुगडे आणलेले, कुणी लिंबांची माळ. मीही माळ घेऊन गेले होते. माझी पाळी आली तेव्हा देवीच्या मुद्रेकडे पाहिले आणि काय मागायचे तेच आठवेना. मागून एक बाई म्हणाली, "अम्मा, जरा पुढे व्हा." मी पुढे झाले. देवळाबाहेर चिंचेच्या सावलीत दहीभात खाल्ला. एक बाई आपल्या तान्ह्याला मांडीवर घेऊन आमच्या समोर येऊन बसली तशी अंबू उठली आणि गाडीत जाऊन बसली. लुगड्याचा पदर तिने छातीशी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

असेच नाच्चियारकोविल झाले, अरसलार नदीचा काठ झाला, कुठली कुठली आमराई झाली. चैत्राचा शुद्ध पक्ष संपला. एके संध्याकाळी पाय धुता धुता मी यजमानांना म्हटले, "आता पुरे करू. मला होत नाही." त्यांनी पंच्याने चेहरा पुसला. "तिरुनीलक्कुडी तेवढे करून ये," ते म्हणाले. "तिथला शिव तेल पितो म्हणतात. कितीही ओता, अंगावर थेंब राहत नाही. सगळे आत घेतो. मग नको जाऊस." असे ते कधी बोलत नसत. मी तेलाची लोटी भरून ठेवली.

तिरुनीलक्कुडी पूर्वेला, बरेच लांब. उजाडताच निघालो तरी अर्ध्या वाटेवर ऊन चढले. दोन्हीकडे शेते, मध्ये कालव्याचा बांध, आणि बांधावर एक मोठे मोहाचे झाड. त्या झाडाजवळ गाडी एकदम कलली. मुत्तय्याने बैल आवरले, खाली उतरला, वाकून पाहिले आणि कपाळावर हात मारला. उजव्या चाकाची खीळ वाटेत कुठे तरी गळून पडली होती. चाक निसटायच्या बेतात होते. "तुम्ही सावलीत बसा, अम्मा," तो म्हणाला. "मी मागे जाऊन शोधतो. लोखंडाची आहे, धुळीत दिसेल." त्याने बैल सोडून झाडाला बांधले आणि वाकून जमीन पाहत आलेल्या वाटेने निघाला. मी अंबूला उतरवले. मोहाची फुले झाडाखाली पडून आंबूस गोड वास सुटला होता. मी बुंध्याला पाठ टेकली. मला आठवते, त्या वेळी मनात एवढेच आले की आता ती खीळ सापडली नाही तरी चालेल, उठायलाच नको.

थोड्या वेळाने पूर्वेकडून एक म्हातारी येताना दिसली. अनवाणी, उन्हात पाय चटाचटा उचलत. छातीशी कापडाचे गाठोडे होते. सावलीत पोहोचताच ती मटकन बसली आणि गाठोडे मांडीवर उलगडले तेव्हा कळले की ते मूल आहे. दोन-अडीच महिन्यांचे असेल. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली. रडण्यासाठी ते तोंड उघडी, पण आवाज मांजराच्या पिल्लाइतका येई. म्हातारीने कमरेला खोचलेले चोचीचे बोंडले काढले आणि जवळच्या भांड्यातले थोडे दूध त्यातून त्याच्या तोंडात घातले. दूध गालावरून ओघळून कानाशी गेले. मुलाने तोंड फिरवले.

ती माझ्याशी तमिळमध्ये बोलू लागली. दारासुरमच्या विणकरांपैकी ती. मुलाची आई तिची सून. सुनेला ताप येऊन बरेच दिवस झाले होते, अंगावरचे दूध गेले होते, आणि मूल वरचे दूध घेईना. म्हणून म्हातारी त्याला घेऊन एका ओळखीच्या गाडीने तिरुनीलक्कुडीला गेली, रात्री छत्रात, तिथल्या धर्मशाळेत राहिली, सकाळी देवाला तेल घातले आणि परतताना गाडी मिळाली नाही म्हणून चालत निघाली. हे सगळे ती मला पाणी पिता पिता सांगत होती. सांगता सांगता तिचा धीर सुटला आणि ती आपल्या घरच्या बोलीत शिरली. त्या विणकरांची बोली आमच्या मराठीची कुठली तरी लांबची बहीण आहे. निम्मी कळते, निम्मी कळत नाही. एक शब्द मात्र स्वच्छ कळला. मुलाच्या पोटावर हात फिरवत ती पुन्हा पुन्हा तोच म्हणत होती. "दूध. दूध."

मी अंबूकडे पाहिले नाही. पाहायचे धाडस झाले नाही. माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहिते. कुणाचे मूल, कुठल्या घरचे, आपल्याकडचे लोक काय म्हणतील. आणि त्याहून मोठी भीती ही की मूल तर हातचे जाणारे दिसते आहे. अंबूच्या मांडीवर ते गेले तर माझी मुलगी पुन्हा उठेल का? मी म्हातारीला म्हणणार होते की माझ्याबरोबर चल, पुढच्या गावात कुणी बाळंतीण असेल तर विचारू.

"आई, आडोसा धर."

आवाज इतका घोगरा होता की क्षणभर मला तो कुणाचा ते कळलेच नाही. अंबू झाडाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली होती आणि तिने दोन्ही हात पुढे केले होते. म्हातारीने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, उठली आणि मूल तिच्या हातांत ठेवले. मी गाडीतली चादर ओढून काढली, दोन्ही हातांनी उंच धरली आणि वाटेकडे तोंड करून उभी राहिले.

मला दिसत काही नव्हते. समोर शेत होते, त्याच्यावर ऊन हलत होते. मागून आधी मुलाची कुरकुर ऐकू आली, मग अंबूचा कुजबुजता आवाज, "घे, घे ना, असं नव्हे, असं." मग बराच वेळ काही नाही. माझे हात दुखू लागले. आणि मग एक घोट ऐकू आला. त्याच्यामागून दुसरा. तान्हे मूल भुकेले असले की गिळताना घशात जो टक् टक् आवाज होतो, तो. माझ्या लक्षात आले की माझे ओठ हलत आहेत. विठ्ठल, विठ्ठल. कधी सुरू झाले ते मला माहीत नाही. मी सुरू केले नव्हते. खांद्यांतून कळा येत होत्या आणि चादर खाली करावी असे मला वाटत नव्हते.

मग अंबू रडू लागली. मोठ्याने, लाज सोडून, गावच्या बायका रडतात तशी. म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवत आपल्या बोलीत काही तरी म्हणत होती. मूल मात्र पीत राहिले.

मुत्तय्या खीळ घेऊन आला. गाडीवाटेच्या एका चाकोरीत पडली होती, म्हणाला. चादर पाहून तो लांबच थांबला, बैलांकडे गेला आणि त्यांच्याशी बोलत राहिला. चाक ठीक झाल्यावर त्याने विचारले, "अम्मा, पुढे चलायचं ना? देऊळ आता फार लांब नाही." मी म्हातारीकडे पाहिले, मूल अंबूच्या मांडीवर झोपले होते. म्हटले, "नाही. दारासुरमला चल." तेलाची लोटी म्हातारीच्याच हाती दिली, तिच्या घरच्या दिव्याला. अशा रीतीने तिरुनीलक्कुडीचा देव मी त्या वेळी पाहिला नाही, आणि पुढेही कधी जाणे झाले नाही.

घरी आल्यावर यजमानांना हे सगळे सांगितले. शेजारपाजारी कुजबुज होणार हे त्यांना ठाऊक होते. एका वृद्ध नातलगांनी तर येऊन प्रायश्चित्ताची गोष्ट काढली. यजमानांनी त्यांना पाणी दिले, पान दिले, वाटेपर्यंत पोचवले, आणि परत येताना मुत्तय्याच्या दारी थांबून सांगून आले की उद्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ दारासुरमला जायला गाडी लागेल. मध्ये दिवसभरासाठी अंबू दूध काढून म्हातारीजवळ ठेवी आणि म्हातारीने बोटाने पाजलेले ते दूध मूल घेई. वरचे दूध नाकारणारे तेच तोंड आता म्हातारीचे बोट चोखू लागले.

मूल म्हणजे मुलगी होती, मीनाक्षी नावाची. पुढचा सगळा वसंत आम्ही त्या एका वाटेवर काढला. पहिल्या दिवसांत मीनाक्षी हाताला लागेल ना या काळजीने आम्ही मुक्याने जात असू. मग हळूहळू अंबू बोलू लागली. थोडेच, पण बोलू लागली. आमराईतल्या कैऱ्या केवढ्या झाल्या, मुत्तय्याचा डावा बैल लंगडतो आहे का, असे. एकदा ती आपल्या मुलाविषयी बोलली. "दूध पिताना आठ्या घालायचा, आठवतं?" मी हो म्हटले. दुःख गेले नव्हते. ते गाडीत आमच्यामध्ये बसून येत असे, पण आता त्याला बसायला जागा होती. मी थकलेलीच होते. पहाटे उठून स्वयंपाक, मग गाडी, मग घर, पुन्हा गाडी. पण त्या थकव्याने रात्री झोप येऊ लागली.

मीनाक्षीची आई, लक्ष्मी, वैशाखात उठून बसू लागली. ताप उतरला, पेज पचू लागली, आणि एके दिवशी म्हातारीने हसत येऊन सांगितले की सुनेला पान्हा फुटला. मी आनंदले आणि त्याच क्षणी माझी नजर माझ्या मुलीकडे गेली. अंबू मीनाक्षीला मांडीवर घेऊन बसली होती. मूल आता बाळसेदार झाले होते, तिच्या मंगळसूत्राशी खेळत होते. तिने ऐकले. मीनाक्षीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, उठली, आतल्या खोलीत गेली आणि लक्ष्मीच्या शेजारी बसून मूल तिच्या मांडीवर दिले. मूल रडू लागले. त्याला आईची सवय राहिली नव्हती. ते मान वळवून अंबूकडे हात पसरू लागले. लक्ष्मी रडवेली झाली, म्हणाली, "अक्का, तुम्हीच घ्या, ती माझ्याकडे येत नाही."

अंबू उठली. "मी दिसते आहे म्हणून येत नाही," ती म्हणाली. "मी जाते. रडेल थोडी, मग घेईल. तुझीच आहे ती." आणि ती बाहेर येऊन गाडीत बसली. आतून मुलाचे रडणे ऐकू येत होते. मुत्तय्याने गाडी हाकली तरी गल्लीच्या वळणापर्यंत ते ऐकू येत राहिले, आणि मग एकदम थांबले. अंबूने डोळे मिटून घेतले.

मी माझ्या आयुष्यात हजारदा म्हटले असेल की देवा, सगळे तुझे, तूच दिले, तूच ने. म्हणताना मुठी मात्र वळलेल्या असत. त्या दिवशी माझ्या मुलीला मी ते करताना पाहिले, एकही शब्द देवाचा न उच्चारता. वाटेत ज्याने खीळ पाडली, तो कोण, मी सांगू शकत नाही. खिळी पडतच असतात. मी त्याच्याकडे मागत होते तोवर तो गप्प होता, आणि मग त्याने आमच्याकडेच मागितले, एका म्हातारीच्या तोंडून, आम्हाला कळेल अशा शब्दात. आमच्याजवळ जे वाया जात होते तेच त्याला हवे होते. एवढेच मला कळले आहे, आणि त्याबद्दल त्याच्या पायी माझे डोके आहे.

गाडी नदीच्या पुलाजवळ आली तेव्हा मला धाक होता की ही आता पुन्हा मुकी होणार. मी तिच्याकडे चोरून पाहत होते. पुलाच्या तोंडाशी एक माणूस ताडगोळ्यांचा ढीग घेऊन बसला होता. अंबूने डोळे उघडले.

"आई, भूक लागली गं," ती म्हणाली. "फार भूक लागली."

मुत्तय्याला ते ऐकू गेले नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवली.